काट्यावरची खेप बिलात का दिसत नाही? डिबगर म्हणजे काय, सोप्या भाषेत

गळीत हंगाम सुरू झाला की आपल्याकडं सांगली-साताऱ्यात बोलायचे विषय ठरलेले, यंदा दर काय निघणार आणि बिल कधी जमा होणार. हल्ली त्यात तिसरा विषय आलाय आणि तो नुसत्या उसापुरता नाही, दुधाचं बिल, पीकविमा, अनुदान, पेन्शन, सगळीकडं तीच तक्रार, की कागद माझ्या हातात आहे पण कॉम्प्युटरला दिसत नाही. खिडकीपलीकडचा माणूस स्क्रीन आपल्याकडं वळवतो आणि म्हणतो, हे बघा, सिस्टिमलाच असं आलंय. तो खोटं बोलत नसतो, त्याला खरोखर तेवढंच दिसत असतं. पण सिस्टिमला आलंय म्हणजे कुठून आलंय, वाटेत त्याचं काय झालं, हे कुणाला बघता येतं का? येतं. त्यासाठीचं हत्यार कॉम्प्युटरवाल्यांकडं कित्येक वर्षं आहे, त्याला डिबगर म्हणतात, आणि माझं म्हणणं असं आहे की ज्याचा ज्याचा आकड्यांशी संबंध येतो, अगदी पतसंस्थेत बसून एक्सेल चालवणाऱ्याचाही, त्याला हे हत्यार काय आहे एवढं तरी माहीत पाहिजे. मी सांगलीत राहते, डेटाचंच काम करते. मागच्या हंगामात एका आप्पांच्या वीस टन उसाचा माग काढायला लागला होता, ते पुढं सांगतेच, पण आधी थोडं मुळापासून.

## काटा ते बँक, मधे काय काय होतं

उसाची गाडी काट्यावर येते, भरल्या गाडीचं वजन होतं, ऊस खाली झाला की रिकाम्या गाडीचं वजन होतं, दोन्हीची वजाबाकी म्हणजे तुमचा ऊस. काटा पावती निघते आणि तीच माहिती कॉम्प्युटरच्या फाइलीत एक ओळ होऊन बसते, खाते नंबर, गट (म्हणजे कारखान्यानं पाडलेला गावांचा भाग), गाडी नंबर, तारीख, वेळ, वजन. शेती विभागाची फाइल वेगळी, त्यात कुणाची किती क्षेत्राची नोंद आणि कुठल्या गटात हे असतं, ते चिटबॉयनं, म्हणजे कारखान्याच्या नोंदी घेणाऱ्या माणसानं, शेतावर जाऊन आणलेलं. तिसऱ्या फाइलीत गटागटाचं अंतर आणि वाहतुकीचा दर, चौथीत बँक खाती, पाचवीत सोसायटीची कपात. ह्या सगळ्या फायली साफ करायच्या, एकमेकींना जोडायच्या, बेरजा मारायच्या आणि शेवटी एक यादी काढायची, अमुक खातेदार, इतके टन, इतके रुपये.

एका रूपातला डेटा घेऊन त्याचं दुसरं रूप करणं म्हणजे डेटा ट्रान्सफॉर्मेशन, आणि त्यासाठी एकामागं एक लावलेल्या पायऱ्या म्हणजे वर्कफ्लो. शब्द मोठे आहेत, काम हे एवढंच. मी इथून पुढं नुसतं साखळी म्हणते.

आणि ह्या साखळीला निवांत वेळ नसतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणं ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, नाहीतर वर्षाला १५ टक्क्यांनी व्याज. म्हणजे यादी काढणाऱ्यावर घाई कायमची बसलेली, आणि घाईत चूक सापडली तरी ती कुठं झाली हे बघायला कुणी थांबत नाही.

## चूक दिसते टेलला, होते वर कुठंतरी

म्हैसाळ योजनेचं पाणी कृष्णेतून उचलून टप्प्याटप्प्यानं मिरज, कवठेमहांकाळ, जतकडं जातं हे सगळ्यांना माहितीये. समजा टेलच्या, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाच्या, शेताला पाणी पोचलं नाही. तिथला माणूस स्वतःचं शेत उकरत बसतो का? नाही, तो पाटाच्या कडेनं वर चालत जातो, कुठं दार अर्धवट उघडंय, कुठं भराव फुटलाय, कुठं कुणी मोटर टाकलीये. आणि ज्याला सवय आहे तो सगळा पाट चालत नाही, तो गाडी काढून सरळ मधल्या दाराशी जातो. तिथं पाणी पूर्ण आहे? मग गळती खालच्या अर्ध्यात. तिथंच कमी आहे? मग वरच्या अर्ध्यात. परत त्या अर्ध्याचं मधलं. सोळा दारं असली तरी चार ठिकाणी बघितलं की गळती सापडते, हे गणित आहे, डेटाच्या साखळीलाही जसंच्या तसं लागू पडतं.

पण डेटाच्या बाबतीत आपण बरोब्बर टेललाच उकरत बसतो. शेवटच्या यादीत आकडा चुकलेला दिसला की हातानं त्या चौकटीत बरोबर आकडा टाकायचा आणि विषय मिटला म्हणायचं. पुढच्या पंधरवड्याला तीच साखळी परत चालते आणि तीच चूक परत होते, फरक एवढाच की ह्यावेळी ज्याचं चुकलंय तो माणूस तक्रार करायला येतोच असं नाही, त्याला कळतही नाही कदाचित. मला सगळ्यात जास्त त्रास ह्याचा होतो.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. चुका दोन जातीच्या असतात. एक फुटणारी, प्रोग्राम बंद पडतो, लाल अक्षरं येतात, सगळे धावतात. दुसरी गप्प चूक, प्रोग्राम नीट शेवटपर्यंत चालतो, यादी निघते, प्रिंट येते, सही होते, आणि आत वीस टन ऊस नाहीसा झालेला असतो. फुटणारी चूक बरी, ती स्वतःच ओरडते. डिबगर खरा उपयोगी पडतो तो ह्या गप्प चुकीला.

## मग डिबगर नेमकं करतो काय

प्रोग्राममधल्या चुकीला बग म्हणतात, बग म्हणजे किडा. शब्द जुना आहे, एडिसनच्या पत्रांतही यंत्रातल्या दोषाला तो सापडतो, पण प्रसिद्ध किस्सा १९४७ चा. अमेरिकेत हार्वर्ड मार्क टू नावाचा खोलीभर कॉम्प्युटर होता, ९ सप्टेंबरला त्याच्या एका रिलेत, म्हणजे विजेवर उघडझाप होणाऱ्या बटणात, खरोखरचा पतंग अडकलेला सापडला, तिथल्या लोकांनी तो चिकटपट्टीनं नोंदवहीत लावून ठेवला. कॉम्प्युटर शास्त्रज्ञ ग्रेस हॉपर हा किस्सा पुढं आयुष्यभर सांगायच्या. त्याच १९४७ मध्ये आपल्या सांगलीत इंजिनिअरिंग कॉलेज सुरू झालं, ज्याला आज सगळे वालचंद म्हणून ओळखतात, तिथली पोरं आज हेच डिबगर लॅबमध्ये वापरत असतील. असो.

मला ह्या किस्स्यात आवडतं ते असं की त्या लोकांनी अंदाज बांधला नाही, मशीन थांबवलं, उघडलं आणि आत बघितलं. डिबगर म्हणजे तेवढंच, प्रोग्राम मधेच थांबवून आत बघायची सोय.

सांगलीहून साताऱ्याला जाणारी एसटी डोळ्यासमोर आणा. विनाथांबा गाडी सांगलीत भरली, साताऱ्यात रिकामी झाली, मधे काय झालं कुणाला माहीत नाही. सांगलीत ४४ चढले आणि साताऱ्यात ४१ उतरले, तर तिघं गेले कुठं? प्रोग्राम हा असाच विनाथांबा पळतो, सेकंदाच्या आत. डिबगरमध्ये तुम्ही सांगू शकता, पेठ नाक्याला गाडी थांबव. ह्या ठरवून दिलेल्या थांब्याला ब्रेकपॉइंट म्हणतात. गाडी थांबली की दार बंद, कुणी हलत नाही, ना चढत ना उतरत, आणि तुम्ही आत जाऊन निवांत डोकी मोजायची, तिकिटं बघायची, पिशवीत काय आहे विचारायचं, मग म्हणायचं चल पुढं. आष्ट्याला ४४ होते, पेठ नाक्याला ४४, कराडला ४१. म्हणजे जे काय झालं ते पेठ ते कराडमध्ये झालं, उंब्रजला बघायची गरजच नाही.

थांबल्यावर पुढं जायचे प्रकार दोन. एक, पुढची पायरी एका दमात पूर्ण करून थांब, आत काय झालं ते मला नको. दुसरा, पुढच्या पायरीच्या आत शिर आणि तिथली प्रत्येक ओळ मला दाखव, म्हणजे गावोगाव थांबणारी लाल गाडी. व्हीएस कोड नावाचं फुकट मिळणारं एडिटर आहे, त्यात पहिल्याला एफ १० दाबायचं आणि दुसऱ्याला एफ ११, थांबा लावायला एफ ९. पायथन ह्या प्रोग्राम लिहायच्या भाषेत तर २०१८ पासून ब्रेकपॉइंट हा शब्द आणि पुढं कंस एवढं एका ओळीत लिहिलं की प्रोग्राम तिथं थांबतो आणि तुमच्या प्रश्नाची वाट बघतो. शिकायला एक दुपार पुरते, मी सांगते, भ्यायचं कारण नाही.

आणि एक सोय अशी की एखाद्या आकड्यावर नजर लावून ठेवता येते, त्याला वॉच म्हणतात. प्रत्येक थांब्याला तो आकडा काय झाला ते कडेला दिसत राहतं. मी नेहमी दोनच गोष्टींवर वॉच लावते, ओळी किती आणि वजनाची बेरीज किती. निम्म्याहून जास्त भानगडी एवढ्यातच कळतात.

## आप्पांच्या तीन खेपा

आता ती गोष्ट. संस्थेचं नाव सांगत नाही. डिसेंबरातली सकाळ, एक आप्पा ऑफिसात आले, खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या तीन काटा पावत्या काढून टेबलावर मांडल्या. "ताई, तिन्ही खेपा माझ्याच ट्रॅक्टरनं गेल्यात. रात्रीच्या खेपेला मी सोता ट्रॉलीवर बसून आलतो थंडीत. यादीत दोनच कशा हायत?" पावत्यांवर वजनं होती २०.६४० टन, २१.२७० टन आणि २०.५७० टन, बेरीज ६२.४८०. यादीत त्यांच्या नावावर ४१.९१०. म्हणजे तिसरी खेप, २०.५७० टन, पूर्ण गायब. हिशेबाला टनाला ३४०० धरले तर ६९,९३८ रुपये. वर्षाचं पीक आहे ते माणसाचं.

ऑफिसातले म्हणाले हातानं वाढवून टाका. मी म्हटलं एक दिवस द्या.

मी आधी काय केलं ते पण सांगते. खेप रात्रीची, वेळ बारानंतरची, त्यामुळं मला वाटलं तारीख बदलताना ती दुसऱ्या पंधरवड्यात गेली असणार. पटण्यासारखं होतं, म्हणून मी दीड दिवस तारखेच्या मागं होते, कोड, म्हणजे प्रोग्रामच्या लिहिलेल्या ओळी, वाचला, तारखेचा भाग दोनदा लिहून काढला, काही नाही. मग शेवटी जे पहिल्या तासात करायला पाहिजे होतं ते केलं, कालची फाइल कॉपी करून माझ्या मशीनवर घेतली, त्यातल्या फक्त आप्पांच्या खात्याच्या ओळी ठेवल्या, आणि तीन ठिकाणी थांबे लावले. फाइल वाचून झाल्यावर, साफसफाई झाल्यावर, आणि वाहतूक दराच्या फाइलीशी जोडणी झाल्यावर.

पहिल्या थांब्याला ओळी ३. दुसऱ्या थांब्याला ओळी ३, तारीख पण नीट, माझा अंदाज तिथंच गेला. तिसऱ्या थांब्याला ओळी २.

म्हणजे जोडणीत गळाली. जोडणी म्हणजे दोन फायली एका सामाईक गोष्टीवर एकत्र करणं, जसं लग्नात दोन्हीकडच्या याद्या आडनावावरून जुळवतात तसं. इथं सामाईक गोष्ट होती गटाचं नाव, कारण वाहतुकीचा दर गटाप्रमाणं लागतो. आणि जोडणीचा एक प्रकार असा असतो की ज्या ओळीला जोडीदार मिळत नाही ती ओळ गपचूप टाकून दिली जाते, सांगत काही नाही. पण जोडीदार का मिळाला नाही? मी एक पायरी मागं थांबून दोन्ही फायलींतलं गटाचं नाव स्क्रीनवर एकाखाली एक घेतलं.

कऱ्हाड. कऱ्हाड.

डोळ्याला काही म्हणजे काही फरक नाही. डिबगर थांबलेलाच होता, त्याला विचारलं ही दोन सारखी आहेत का. उत्तर, नाहीत. लांबी विचारली. एकाची ६, दुसऱ्याची ७.

मग एकेक अक्षर सुटं करून बघितलं तेव्हा उलगडा झाला. कऱ्हाडमधलं जे ते अर्ध्या चंद्रासारखं र आहे, ते मराठीत वेगवेगळ्या पद्धतीनं टाइप होतं आणि स्क्रीनवर सारखंच उमटतं. एक, त्यासाठी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या भाषांची अक्षरं कॉम्प्युटरमध्ये साठवायच्या ठरलेल्या पद्धतीत, वेगळं अक्षरच आहे, खाली टिंब असलेला ऱ, त्याला हलंत, म्हणजे पाय मोडायची खूण. दोन, साधा र, त्याला हलंत आणि पुढं एक न दिसणारा जोडक, ज्याला झीरो विड्थ जॉइनर म्हणतात, तो जागा घेत नाही पण असतो. तिसरी पण पद्धत आहे, साधा र, नुक्ता म्हणजे खालचं टिंब वेगळं, आणि मग हलंत. दर फाइलीत पहिल्या पद्धतीनं लिहिलं होतं, दिवसपाळीच्या काट्यावर पण तसंच. रात्रपाळीच्या काट्यावर दुसरा कीबोर्ड बसवलेला होता, त्यातून दुसऱ्या पद्धतीनं यायचं, तो न दिसणारा जोडक घालून. म्हणजे आप्पांची एकट्याची खेप नव्हती ती, त्या गटातल्या रात्रपाळीच्या सगळ्याच खेपा जोडणीत गळत होत्या.

हे कोड कितीही वाचून सापडलं नसतं. कोड बरोबरच होता. डोळ्यानं फाइल बघून पण सापडलं नसतं. आपली भाषा वापरणाऱ्या सगळ्यांनी हे लक्षात ठेवा, ऱ्हास, तऱ्हा, सुऱ्या, दौऱ्यावर, पाऱ्याचा, जिथं जिथं हे र येतं तिथं हा खड्डा आहे, आणि बऱ्याच जुन्या फायली युनिकोडच्या आधीच्या फाँटमधून बदलून घेतलेल्या असतात तिथं तर खड्ड्यात खड्डा.

दुरुस्ती दोन टप्प्यात केली. युनिकोडचं एक ठरलेलं एकसारखं करायचं तंत्र आहे, नॉर्मलायझेशन, पण ते नुक्तावाली तिसरी पद्धत पहिलीसारखी करतं, न दिसणारा जोडक काढत नाही, म्हणून तो वेगळा बदलून घेतला. आणि कायमचा उपाय म्हणजे नावावर जोडणं बंद, गटाला नंबर दिला आणि नंबरवर जोडलं.

## अशी गळती अजून कुठं कुठं असते

ऱ च्या भानगडीवर मी जास्त बोलले, पण रोजच्या गळत्या ह्याहून साध्या असतात.

एक्सेल कुठल्याही आकड्याचे पहिले १५ अंकच खरे धरतं. तुमचं बँक खातं १६ अंकी असेल आणि ते आकडा म्हणून टाइप झालं तर सोळावा अंक गुपचूप शून्य होतो. खातं शून्यानं सुरू होत असेल तर पुढची शून्यं उडतात. पैसे परत येतात तेव्हा कळतं, तोवर महिना गेलेला असतो. खाते नंबर ही बेरीज करायची गोष्ट नाही, तो मजकूर म्हणूनच ठेवायचा.

एकक. २०२५-२६ ची एफआरपी, म्हणजे केंद्र सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये आहे, आणि गावात आपण बोलतो टनात, म्हणजे ३५५०. एका फाइलीत हे आणि दुसरीत ते, झालं. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आर मध्ये, नोंद सांगताना गुंठे. कोयनेचा भरलेल्या धरणाचा साठा वर्तमानपत्रात १०५.२५ टीएमसी आणि सरकारी तक्त्यात दलघमी म्हणजे दशलक्ष घनमीटरमध्ये सुमारे २९८०, दोन्ही एका रकान्यात आले की सरासरीचा पार चुराडा. हसू नका, १९९९ मध्ये नासाचं मंगळाकडं गेलेलं मार्स क्लायमेट ऑर्बिटर ह्याच कारणानं गेलं, एका बाजूचं सॉफ्टवेअर पौंडात आकडे देत होतं आणि दुसरी बाजू न्यूटन समजत होती.

उलटी गळती पण असते, म्हणजे फुगवटा. बँक खात्याच्या फाइलीत एकाच शेतकऱ्याच्या दोन ओळी असल्या, जुनं खातं आणि नवं, की जोडणीत त्याची प्रत्येक खेप दोनदा येते आणि बिल दुप्पट.

आणि इंग्लंडचं उदाहरण तर डोळे उघडणारं आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये तिथं कोरोनाचे १५,८४१ रुग्ण रोजच्या आकडेवारीतून सुटल्याचं उघड झालं, कारण लॅबकडून आलेली माहिती जुन्या पद्धतीच्या एक्सेल फाइलीत भरली जात होती आणि त्या फाइलीत ६५,५३६ च्या पुढं ओळी बसतच नाहीत. बसल्या तेवढ्या घेतल्या, बाकीच्या राहिल्या. त्या रुग्णांच्या संपर्कातल्या लोकांना वेळेत कळवलंच गेलं नाही. आत किती ओळी आल्या आणि बाहेर किती गेल्या, एवढं एका थांब्यावर मोजलं असतं तरी दिसलं असतं.

## "आमच्याकडं प्रोग्रामिंग नाही, नुसतं एक्सेल आहे"

एक्सेलमध्ये पण आहे. फॉर्म्युला आडवातिडवा मोठा असेल तर फॉर्म्युलाज टॅबमध्ये इव्हॅल्युएट फॉर्म्युला आहे, तो एकेक तुकडा सोडवून दाखवतो. किंवा वरच्या पट्टीत फॉर्म्युल्याचा एखादा भाग निवडून एफ ९ दाबा, त्या भागाचं उत्तर तिथंच दिसतं, फक्त बघून झालं की एस्केप दाबा, एंटर दाबलं तर ते उत्तर कायमचं चिकटतं. मॅक्रो, म्हणजे एक्सेलच्या आत लिहिलेले छोटे प्रोग्राम, असतील तर एफ ८ नं ओळ ओळ चालवता येतं.

आणि पॉवर क्वेरी, म्हणजे एक्सेलमधलंच फायली साफ करायचं आणि जोडायचं साधन, वापरत असाल तर उजवीकडं अप्लाइड स्टेप्सची यादी असते. त्यातल्या कुठल्याही पायरीवर क्लिक करा, त्या क्षणाला डेटा कसा होता ते दिसतं. हा जवळपास डिबगरच आहे आणि लोक त्याकडं बघतच नाहीत. एकच सावधगिरी, तिथं रकान्याची जी माहिती दिसते ती साधारणपणे पहिल्या १००० ओळींवरून काढलेली असते, तुमची चूक १००१ व्या ओळीत असेल तर सगळं ठीकच दिसेल.

नाव जुळत नसेल तर लेन हा फॉर्म्युला लावून लांबी बघा. जादा मोकळ्या जागा काढणारं ट्रिम लावलंय म्हणून निर्धास्त राहू नका, वेबपेजवरून कॉपी केलेल्या मजकुरात एक वेगळ्या जातीची मोकळी जागा येते, ती ट्रिमनं जात नाही.

## "मधे मधे प्रिंट टाकून बघितलं की झालं की"

म्हणजे प्रोग्रामलाच मधे मधे आकडे स्क्रीनवर लिहायला लावायचे. होतं, मी पण करते, लहान कामाला तेच बरं. पण प्रिंट टाकायला आधी कुठं आणि काय बघायचं ते माहीत लागतं, आणि कऱ्हाड प्रिंट करून मला कऱ्हाडच दिसलं असतं, सारखंच. थांबलेल्या प्रोग्रामला मी पुढचा प्रश्न विचारू शकले, लांबी किती, अक्षरं कुठली, म्हणून सापडलं. दुसरं म्हणजे प्रिंट काढून टाकायचं राहतं आणि लोकांची नावं, खाते नंबर लॉग फाइलीत, म्हणजे प्रोग्रामच्या रोजच्या नोंदवहीत, पडून राहतात.

## "लाखो ओळी आहेत, थांबत बसलो तर हंगाम संपेल"

प्रत्येक ओळीला थांबायचं नसतंच. थांब्याला अट लावता येते, फक्त अमुक खाते नंबर आला तर थांब, वजन शून्याखाली गेलं तर थांब, तारीख पुढच्या वर्षाची दिसली तर थांब. एसटीत तपासनीस प्रत्येक गाडी अडवत नाही तसंच. आणि मी केलं तसं आधी डेटा लहान करून घ्या, बिघडलेल्या चार ओळी आणि नीट असलेल्या चार ओळी. नीट असलेल्या पण घ्यायच्याच, फरक कशात आहे ते दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही.

मोठ्या डेटाची काही साधनं, स्पार्क त्यातलं एक, आळशी पद्धतीनं चालतात, म्हणजे शेवटी कुणी उत्तर मागेपर्यंत मधली पायरी करतच नाहीत. तिथं थांबून बघितलं तर डेटा नुसता कागदावरचा बेत असतो, अजून झालेला नसतो. अशा ठिकाणी मधल्या पायरीचं उत्तर एकदा मुद्दाम मागून घ्यायचं, मग बघायचं.

## "चालू सिस्टिमवरच लावून बघू का?"

नको. इथं मी अगदी हट्टी आहे. प्रोग्राम मधे थांबला की त्यानं डेटाबेसमधली जी टेबलं धरून ठेवलेली असतात ती तशीच धरलेली राहतात, आणि तुम्ही चहा पीत आकडा बघत बसता तोवर काट्यावर गाड्यांची रांग लागते कारण पावती निघत नाही. कॉपी घ्या, वेगळ्या मशीनवर चालवा. कॉपी घेताना नावं, आधार, खाते नंबर बदलून घ्या, २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आलाय आणि कायदा नसता तरी लोकांनी विश्वासानं दिलेली माहिती आहे ती. मात्र बदलताना ज्यावर जोडणी होते तो रकाना सरसकट बदलू नका, नाहीतर चूकच पुसली जाईल. मी गटाची नावं बदलून घेतली असती तर तो न दिसणारा जोडक तिथंच नाहीसा झाला असता.

## "आता एआयला विचारलं की सांगतो"

एआय मदत करतो, मी रोज वापरते. पण त्याला तुम्ही कोड दाखवता, तो कोडबद्दल बोलतो, आणि आमचा कोड बरोबर होता. त्याला लांबी ६ आणि ७ आहे हे सांगितलं तर तो लगेच जोडकावर बोट ठेवेल, पण ते ६ आणि ७ तुम्हालाच थांबून बघावं लागतं. बघितलेला पुरावा घेऊन त्याच्याकडं जा, आणि खऱ्या लोकांची यादी तिथं चिकटवू नका.

## बरोबर काय हे डिबगर सांगत नाही

डिबगर सांगतो की इथं ३ होते आणि इथं २ झाले. ३ बरोबर की २ बरोबर हे तो कुठून सांगणार? काही ओळी गळायलाच पाहिजेत, रद्द झालेली पावती, दोनदा मारलेली पावती. ते आप्पांच्या हातातल्या तीन कागदांनी ठरवलं. म्हणून कागद जपून ठेवा, काटा पावती, दुधाची स्लिप, विम्याची पोच, आणि ऑफिसातल्या लोकांना माझी कळकळीची विनंती, कागद घेऊन आलेल्या माणसाला सिस्टिमला असं आलंय म्हणून परत लावू नका, तो तुमच्यासाठी सगळ्यात मोलाची ओळ घेऊन आलेला असतो, जिथून माग सुरू करता येतो.

आप्पा दुसऱ्यांदा आले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न स्वतःच्या पैशाचा केला नाही, "माझी सापडली ते झालं, बाकीच्यांच्या पण बघितल्या न्हवं?" म्हणाले. बघितल्या होत्या. साखळीत आता जोडणीनंतर मोजणी लावलीये, आत गेलेल्या खेपा आणि बाहेर आलेल्या खेपा जुळल्या नाहीत तर यादी निघतच नाही, लाल अक्षरं येतात आणि न जुळलेल्या ओळी वेगळ्या फाइलीत पडतात. त्याच दिवशी आधीच्या पंधरवड्याचा डेटा पण परत चालवला, त्यातही रात्रपाळीच्या खेपा सुटलेल्या निघाल्या, ज्यांच्या होत्या त्यातलं कुणीच तक्रार घेऊन आलेलं नव्हतं. सगळ्यांचं फरकाचं बिल पुढच्या बिलाबरोबर काढलं आणि रात्रपाळीचा कीबोर्ड बदलला.